फीड थांबवल्यावर

नोकरीची पहिली एकोणीस वर्षं मला रविवारची सुट्टी नव्हती. पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत ज्यांनी काम केलंय त्यांना याचं कारण सांगावं लागणार नाही. विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून औद्योगिक वसाहतींना वेगवेगळ्या वारी सुट्ट्या वाटून दिलेल्या, आणि आमच्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. कामगारांच्या घरचे साखरपुडे, बारशी, गावाकडच्या पाहुण्यांच्या भेटी, सगळं गुरुवार बघून ठरायचं. आम्ही ख्रिस्ती. आमची उपासना रविवारी सकाळी. मंडळी पहिल्या गीताला उभी राहायची तेव्हा मी आकुर्डीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ग्राइंडिंग मशिनसमोर उभा असायचो.

तीन पाळ्या फिरत्या असल्यामुळे दर तिसऱ्या आठवड्याला सेकंड शिफ्ट यायची, त्या रविवारी सकाळ मोकळी मिळायची. नाइट असली तर सात वाजता सुटून, अंगावरचा कुलंटचा वास जाईपर्यंत साबण लावून मी थेट उपासनेला जायचो. पेटी मी वाजवायचो. रात्रभर जागलेल्या डोळ्यांनी काळ्या-पांढऱ्या पट्ट्या एकमेकांत मिसळून दिसायच्या, पण बोटं चुकत नव्हती, आणि त्याचा मला फार अभिमान होता. हा अभिमान आधीच सांगून टाकतो, कारण मी पुढे जे सांगणार आहे त्याच्या आड तो बरीच वर्षं उभा होता.

आमचं मूळ गाव नेवासे तालुक्यातलं. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं, त्यामुळे आमच्या घरात ख्रिस्ती झालेली ही चौथी का पाचवी पिढी. आजीला अक्षरओळख नव्हती, पण 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातली कितीतरी गीतं तिला तोंडपाठ. त्यातली पुष्कळशी नारायण वामन टिळकांची. टिळक कोकणातल्या करजगावचे, जन्म १८६१ चा. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढची बरीच वर्षं नगरला राहिले. त्यांची गीतं आजी जात्यावर म्हणायची, शेतात खुरपताना म्हणायची. गावच्या देवळात टाळ-मृदंग होता. हो, आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. पेटी मी तिथेच एका मास्तरांकडे शिकलो. मग नगरच्या आयटीआयमध्ये मशिनिस्ट ग्राइंडरचा कोर्स केला आणि १९८६ साली एक वळकटी, एक ट्रंक घेऊन आकुर्डीला आलो. तेव्हा मुंबई-पुणे रस्त्यावर शिफ्ट सुटली की बजाजच्या गेटसमोर सायकलींचा पूर यायचा. आमच्यासारखी शेकडो लहान शेड मोठ्या कंपन्यांच्या जीवावर चालायची. कुणी बुश करायचं, कुणी शाफ्ट, कुणी नुसतं डिबरिंग.

देवाची भक्ती म्हणजे काय हे मला ठाऊक आहे असं मी तेव्हा बिनधास्त सांगितलं असतं. गीतं पाठ होती, वचनं पाठ होती, उपवास काळात चहा सोडायचो, दशांश काढायचो. रोज सकाळी प्रार्थना करायचो. त्या प्रार्थनेत काय असायचं ते आज आठवून पाहिलं तर एक यादी दिसते. खोली मिळू दे. कायम होऊ दे. बहिणीचं जमू दे. आईचे गुडघे. पहिली मुलगी झाली तेव्हा तिचा ताप. यादी कधी संपत नव्हती, एक ओळ खोडली की खाली दोन वाढायच्या. यात काही गैर आहे असं मला आजही वाटत नाही. लेकराने बापाकडे नाही मागायचं तर कुणाकडे?

१९९८ साली बायकोच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि काढलेली गाठ तपासणीला गेली. रिपोर्टला आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी जे केलं त्याला आमच्यात नाव नाही, कारण आमच्यात नवस बोलत नाहीत. पण मी बोललो. ती वाचली तर तंबाखू सोडीन, दशांशाच्या दुप्पट देईन, हात चालतील तोवर पेटी वाजवीन. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मी देवाशी अक्षरशः घासाघीस केली, भाजी मंडईत करतात तशी, एकेक गोष्ट वाढवत. रिपोर्ट चांगला आला. साधी गाठ होती. जीव भांड्यात पडला. बायको घरी आली, तिच्या आईने सव्वा महिना तिला पाण्यात हात घालू दिला नाही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, पहाटे, नेहमीसारखा प्रार्थनेला बसलो. उपकार मानले. दोन मिनिटांत मानून झाले. आणि मग बोलायला काही उरलंच नाही. मी तसाच बसून राहिलो आणि मला घाम फुटला. सरकारी कचेरीच्या खिडकीवरच्या माणसाशी आपलं कसं असतं? काम होतं, आपण हात जोडतो, निघतो. त्याच्याशी आणखी काय बोलणार? तीस-पस्तीस वर्षं ज्याचं नाव घेत होतो त्याच्याशी माझी ओळख तेवढीच होती. एखाद्याची श्रद्धा ऐकली न गेलेल्या प्रार्थनेने ढासळते हे मी पाहिलेलं होतं. माझी ढासळली ती प्रार्थना ऐकली गेल्यावर. पुढे सहा-सात महिने मी एकट्याने प्रार्थना केली नाही. पेटी मात्र वाजवत होतो. कुणाला कळलं नाही, बायकोलासुद्धा.

आमच्या मंडळीत एक आजी होत्या. प्राधिकरणाच्या वसाहतीत बंगले उठत होते त्या काळात त्यांनी घमेली वाहिलेली. नवरा लवकर गेला, दोन मुलं त्याच कामावर वाढवली. राहायच्या चाळीत, एका खोलीत सहा जणं. गुरुवारी संध्याकाळी आमची घरोघरी प्रार्थनासभा असायची. रविवारी पाळीवर असणाऱ्यांसाठीच ती सुरू झालेली. गीत, वचन, मग एकेकाची प्रार्थना. मुलाची नोकरी, दहावीचा पेपर, सासूचं दुखणं, गावाकडचा जमिनीचा वाद. खोलीत ओळीने याद्या वाचल्या जायच्या. आजींची पाळी आली की त्या गुडघ्यावर यायच्या, मग पुढे वाकून कपाळ फरशीला लावायच्या. बाकी आम्ही सगळे मांडी घालून, डोळे मिटून. त्या तशाच वाकलेल्या बोलायच्या, त्यामुळे आवाज जमिनीतून आल्यासारखा यायचा. "प्रभू, तू हाईस. तू लई चांगला हाईस. तू हाईस." एवढंच. मग गप्प. बराच वेळ गप्प. पुढचा माणूस चुळबुळायचा, शेवटी कुणीतरी मोठ्याने आमेन म्हणून विषय पुढे न्यायचं.

मला वाटायचं, वयाने विसरतात. एकदा त्यांच्या नातवाची नोकरी सुटली होती आणि घरात फार ओढाताण होती. त्या दिवशीही प्रार्थना तेवढीच. बाहेर चपला घालताना मी म्हटलं, "आजी, नातवाचं सांगायचं राहिलं."

त्या म्हणाल्या, "ते त्याला ठावं हाय भाऊ. म्या सांगाया न्हवते बसले. त्याच्यापाशी बसले व्हते."

मी जिना उतरलो. या वाक्याने त्या क्षणी माझ्यात काही उजेड वगैरे पडला नाही. उलट थोडा राग आला. आपल्याला जमत नाही ते दुसऱ्याला सहज जमताना दिसलं की येतो तसा.

पण कान उघडे झाले. त्याच सुमारास पाळकसाहेबांनी बायबल अभ्यासात आराधना हा विषय घेतला होता. त्यांनी सांगितलं की नव्या करारात या अर्थाने जो ग्रीक शब्द वारंवार येतो त्याचं मूळ अंगाने वाकण्यात आहे, जमिनीवर पडून नमन करण्यात. आपल्याकडच्या दंडवताचा सख्खा भाऊ. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक बाळ येशूपुढे आधी पालथे पडले, थैल्या नंतर सोडल्या. विहिरीवरची शोमरोनी बाई विचारते की खरी उपासना कुठल्या डोंगरावर, या की त्या; तिथेही तोच शब्द आहे, आणि येशू तिला डोंगराचा पत्ता देत नाही. मग त्यांनी प्रभूच्या प्रार्थनेचा क्रम फळ्यावर लिहिला. पहिलं देवाचं नाव, मग त्याचं राज्य, मग त्याची इच्छा. रोजची भाकर चौथी. मी लहानपणापासून ही प्रार्थना रोज म्हणत होतो आणि पहिल्या तीन ओळी पायऱ्या चढल्यासारख्या भराभर चढून भाकरीपाशी पोचत होतो.

मग मशिनचं सांगतो, कारण मला जे काही शिकायला मिळालं ते शेवटी मशिनवर.

सिलिंड्रिकल ग्राइंडरवर शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरतात. शाफ्ट एकीकडून फिरतो, दगडाचं चाक दुसरीकडून, वरून कुलंटची धार. हँडव्हीलने चाक थोडं थोडं आत सरकवायचं, त्याला फीड म्हणतात. ठिणग्यांचा झुबका उडतो. साइज जवळ आली की फीड कमी करायचं, आणि डायलवर साइज दिसली की फीड पूर्ण थांबवायचं. नवशिका इथे चूक करतो. साइज आली म्हणून चाक लगेच मागे घेतो. मोजल्यावर शाफ्ट जाड निघतो, कधी एका टोकाला निमुळता, कधी अंगावर बारीक लाटा. कारण एवढा वेळ चाकाच्या दाबाने शाफ्ट किंचित वाकलेला असतो, मशिनचं अंगही किंचित ताणलेलं असतं. डायल साइज दाखवतो पण मटेरियल अजून निघायचं असतं. म्हणून फीड थांबवून चाक तसंच जॉबवर फिरू द्यायचं. तुम्ही काही ढकलायचं नाही, काही ओढायचं नाही. झुबका बारीक होतो, मग चार-दोन तुरळक रेषा, मग एखादी ठिणगी, मग काही नाही. याला स्पार्क आउट म्हणतात. दहा मायक्रॉनच्या आतली साइज आणि आरशासारखी फिनिश त्या शेवटच्या काही सेकंदांत येते. मला शिकवणारे मिस्त्री माझा हात हँडव्हीलवरून उचलून बाजूला ठेवायचे. म्हणायचे, विझू दे.

प्रॉडक्शनचा तगादा असला की पहिला घाला या सेकंदांवर पडतो. शिफ्टला दोन-चार जॉब जास्त निघतात ना. मीही कितीदा तरी ते सेकंद खाल्लेत.

एका नाइटला, प्रार्थना बंद पडलेल्या त्याच काळात, मी फीड थांबवून ठिणग्यांकडे बघत होतो आणि आजींची ती वाकलेली पाठ डोळ्यांपुढे आली. बोलून झाल्यावरचं त्यांचं ते लांबलेलं गप्प बसणं. इतकी वर्षं मी फक्त फीड देत होतो. साइज दिसली की चाक मागे. त्या रात्री मी पहिल्यांदा, ओठ न हलवता, म्हणालो: तू आहेस. पुढचा जॉब लावला. फीड थांबलं. तू पवित्र आहेस. पुढचा जॉब. सकाळपर्यंत असंच चाललं. काही विलक्षण अनुभव आला नाही. पण जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना लक्षात आलं की चार तासांत मी देवाकडे काही मागितलेलं नाही, आणि तरीही मी त्याच्याशी बोलत होतो.

ही उपमा मला फार ताणायची नाही. देव म्हणजे चाक नव्हे आणि माणूस म्हणजे शाफ्ट नव्हे. पण माझ्यासाठी ती जागा ठरली. जॉबला सहा-आठ सेकंद, शिफ्टला शंभर-सव्वाशे जॉब. रविवारी पहिल्या पाळीवर असलो की दहाच्या सुमारास मंडळी उभी राहिली असेल हे मनात यायचं आणि मीही उभाच असायचो. पूर्वी त्या वेळी चडफडायचो. आता चडफड हळूहळू कमी झाली. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा आचारी होता. भांड्यांच्या गोंगाटात देवाची जितकी जवळीक वाटते तितकीच वेदीपुढे, असं तो सांगायचा हे मला पुष्कळ नंतर कळलं. कळल्यावर बरं वाटलं, एखाद्या जुन्या फिटरने आपलीच पद्धत वापरलेली दिसावी तसं.

आमच्या शिफ्टला एक कॅथलिक फिटर होता. मी देवासमोर गप्प बसायचा प्रयत्न करतोय हे त्याला सांगितलं तर तो म्हणाला, मग आमच्याकडे ये. कॅथलिक देवळांत पवित्र साक्रामेंताची आराधना असते. अभिषिक्त भाकर एका सोनेरी पात्रात वेदीवर ठेवतात आणि लोक तासभर तिच्यासमोर बसतात. मी प्रॉटेस्टंट घरातला. भाकरीपुढे गुडघे टेकायचे हे माझ्या मनाला पटत नव्हतं, आजही पुरतं पटलेलं नाही, आणि ते मी त्याला तिथेच सांगितलं. तो म्हणाला, नुसता बस. गुरुवार होता. त्यानेच सांगितलं की असा पवित्र तास गुरुवारी रात्री पाळायची रीत फ्रान्समधल्या एका जोगिणीपासून, सतराव्या शतकापासूनची. कारण गेथशेमाने बागेतली रात्र गुरुवारचीच, जेव्हा येशूने शिष्यांना तासभर जागे राहायला सांगितलं आणि ते झोपले. आमच्या साप्ताहिक सुट्टीचा वार. मी मागच्या बाकावर बसलो. पहिली दहा मिनिटं घड्याळ बघितलं. मग पुढच्या बाकावरच्या एका बाईकडे लक्ष गेलं. मांडीवर भाजीची पिशवी, मेथीची जुडी बाहेर आलेली, आणि ती टक लावून पुढे बघत होती. पुटपुटत नव्हती, माळ ओढत नव्हती. बाजारातून घरी जाता जाता कुणाला तरी भेटायला आलेली. ज्या मुद्द्यावर आमचे पंथ वेगळे झाले तो मुद्दा मोठा आहे. पण असं बघणं मी आमच्या देवळात फक्त आजींकडे पाहिलं होतं.

एकदा गुरुवारी मंडळीतले आम्ही पंधरा-वीस जण लोकलने आणि मग पॅसेंजरने दौंडच्या अलीकडे केडगावला गेलो होतो, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर एकटीने केलं, खेड्यातल्या बाईला कळावं इतक्या साध्या मराठीत. आणि ते काम हातावेगळं करून १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. छपाई तिथल्याच छापखान्यात, दुष्काळातून आणि वैधव्यातून वाचवलेल्या बायकांच्या हातांनी. मला त्या खिळे जुळवणाऱ्या बायकांचं अप्रूप वाटलं. एकेक अक्षर उलटं उचलून ओळ लावायची. स्तोत्रसंहितेतल्या स्तुतीच्या ओळी कितीदा त्यांच्या बोटांखालून गेल्या असतील. काम आणि आराधना यांच्यात त्यांनी रेघ ओढली असेल असं मला वाटत नाही.

माझ्या हातून एक वाईट गोष्ट झाली ती सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. वर्ष सांगत नाही, शेडचं नावही नाही. एका लॉटमध्ये सत्तरएक शाफ्ट मापाबाहेर गेले होते. थोडेच, पण बाहेर. ट्रक उभा होता. इन्स्पेक्शन रिपोर्टवर वाचन बसवून लिही असं मला सांगितलं गेलं आणि मी लिहिलं. स्वच्छ अक्षरात, एकेक आकडा थोडा वेगळा, खरा वाटेल असा. त्या आठवड्यात माझी सेकंड होती, रविवारी उपासनेला गेलो, पेटीपुढे बसलो. पहिलंच गीत देवाच्या पवित्रतेचं. डाव्या हाताने भाता ओढला आणि उजवा हात पट्ट्यांवर नेता येईना. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात देव म्हणतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. हे मी संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवलेलं होतं. मी बोट दुखतंय सांगून उठलो आणि त्या दिवशी मंडळी पेटीशिवाय गायली. दुसऱ्या दिवशी जाऊन मी खरं वाचन सांगितलं. लॉट परत आला, माझा बोनस गेला, पुढे वर्षभर मला चांगलं मशिन मिळालं नाही. ते सोसलं म्हणून मी कुणी मोठा झालो नाही, आधी खोटं मीच लिहिलं होतं. पण तेव्हापासून मला कळतं की कुणी खूप स्तुती गातो यावरून मला त्याच्याबद्दल काहीच कळत नाही. माझ्याबद्दलही.

आकुर्डीत राहून आराधनेबद्दल लिहायचं आणि पालखीबद्दल लिहायचं नाही हे जमणार नाही. तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून निघते, पहिली रात्र तिथेच इनामदार वाड्यात, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. त्या रात्री गाव झोपत नाही. आमच्या सोसायटीत वारकऱ्यांना चहा, पाय शेकायला गरम पाणी, झोपायला जिना आणि पार्किंग. आम्ही ख्रिस्ती कुटुंबं दोनच, पण पाण्याच्या बादल्या आमच्याकडूनही जातात. एका वर्षी मराठवाड्यातले एक वयस्क वारकरी आमच्या जिन्यात टेकले होते. कितवी वारी विचारलं तर म्हणाले, बाविसावी. मी विचारलं, दरवेळी गाभाऱ्यात दर्शन होतं का? ते म्हणाले, छे, रांगेत उभं राहायला दोन-दोन दिवस कुठले. बहुतेक वेळा कळस बघतो, हात जोडतो आणि परत फिरतो. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. बादलीतल्या पाण्यात त्यांची पावलं होती, टाचांच्या भेगांत चिखल काळा झालेला. अडीचशे किलोमीटर चालून कळस बघायचा आणि परत यायचं.

मी ख्रिस्ताचा आहे आणि कळसाखाली कोण आहे याबद्दल त्यांची आणि माझी श्रद्धा एक नाही. हे झाकून ठेवण्यात त्यांचाही मान नाही आणि माझाही. पण टिळक सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांपाशी आलो, त्याचा अर्थ मला त्या जिन्यात बसून उमगला. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' भरवला. दोन वर्षांत ते गेलेच. दरबार हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होतो आणि मला वाटायचं दरबार म्हणजे जिथे अर्ज घेऊन जातात ती जागा. पण दरबारात राजासमोर नुसती हजेरी लावायलाही माणसं जात असत, हे ध्यानात आलं नव्हतं.

लोक मला विचारतात, रोज करता म्हणजे नेमकं काय करता? विशेष काही नाही. पावणेपाचला उठतो, अजूनही, पाळीची सवय. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसतो कारण तिथल्या दिव्याने कुणाची झोप मोडत नाही. रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचतो, बायकोला ऐकू जाणार नाही इतपत मोठ्याने. दीडशे स्तोत्रं पाच महिन्यांत होतात, मग पुन्हा पहिलं. आवडेल ते निवडायचं नाही, ओळीने जे येईल ते. त्यात अठ्ठ्याऐंशीवं येतं, जे अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, एकही आशेची ओळ न देता. मुलगा अपघातातून अंथरुणावर होता त्या महिन्यात नेमकं ते आलं होतं. मला स्तुतीचा एक शब्द सुचत नव्हता, पण त्या स्तोत्रातला माणूसही स्तुती करत नाही, तो नुसता देवाकडे तोंड करून बसलेला आहे. मीही तसाच बसलो. वाचून झालं की पाच मिनिटं काही मागायचं नाही, एवढा एकच नियम. यादी येतेच. तिला हाताने बाजूला करतो, मिस्त्री माझा हात करायचे तसा. मग याद्या. मागण्या मी सोडलेल्या नाहीत, त्या फक्त चौथ्या ओळीवर गेल्या आहेत. कित्येक दिवस पाच मिनिटं कोरडी जातात, मनात वीजबिल आणि गॅसचा नंबर. आठवडेच्या आठवडे कोरडे गेले आहेत. तरीही बसतो, कारण आजी बसायच्या तेव्हा त्यांना काय वाटायचं हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

२००५ साली मी चाकणच्या एका टूलरूममध्ये गेलो आणि पहिल्यांदा रविवार मोकळा झाला. दोन वर्षांनी आकुर्डीच्या बजाज प्लांटमधलं वाहनांचं उत्पादन थांबलं, कितीतरी शेड चाकणच्या दिशेने सरकल्या किंवा बंद पडल्या. नव्या सीएनसी ग्राइंडरवर स्पार्क आउटचे सेकंद प्रोग्रॅममध्येच भरतात. निवृत्त होईपर्यंत मी पोरांना एवढं मात्र सांगत आलो की सायकल टाइम कमी करायचा असेल तर आधी दुसरीकडे बघा. आजी त्या मधल्या काळात गेल्या. त्यांच्या प्रेतयात्रेला पेटी नेली होती, पण मी फारसं वाजवू शकलो नाही.

आता पेटी बी.ई. झालेला एक मुलगा वाजवतो. माझा नवस हात चालतील तोवरचा होता आणि हात अजून चालतात, म्हणून त्याला जागा देताना मला महिनाभर झोप लागली नव्हती. पाळकसाहेबांशी बोललो तेव्हा कुठे मन मानलं. आता मी शेवटच्या बाकावर बसतो. मुलाचा हात चांगला आहे, फक्त गीत संपलं की तो भाता लगेच बंद करत नाही. आमेन झालं तरी त्याचं बोट शेवटच्या सुरावर असतं, आतली हवा संपत जाते आणि सूर बारीक, आणखी बारीक होत जातो. सुरुवातीला मी त्याला सांगणार होतो की आमेनबरोबर हात उचल. गेल्या रविवारी तसाच तो सूर ऐकत बसलो. लोक खाली बसले, बाकं कुरकुरली, कुणीतरी खोकलं, आणि सूर अजून थोडासा होता.